दोन भेकरांची सॅक

एका जंगलात, बाळांनो, शिकारीच्या सामानाचं दुकान निघालं.

कोणत्या जंगलात, असं लगेच विचारू नका. जंगलाचं नाव घेतलं की तिथल्या कुणाला तरी आपल्यालाच टोमणा मारल्यासारखं वाटतं आणि मग मला रागाची पत्रं येतात. तेव्हा मांडी घाला, मागच्यांनी कुजबुज बंद करा आणि ऐका.

दुकान ओढ्याकाठच्या कुरणात, एका जुन्या जांभळीच्या ढोलीत होतं. दुकानदार होता ससा. नाव मनोहरशेठ.

हसलात ना? मला माहीतच होतं. पण सशाने शिकारीचं सामान विकू नये असं कुठे लिहिलंय? तुमच्या तलावावर पोहायला शिकवणारे सर कधी पाण्यात उतरलेले पाहिलेत का? ते काठावर खुर्ची टाकून बसलेले असतात. तरी तुम्ही पोहायला शिकताच की.

शिवाय मनोहरशेठला शिकारीतलं फार कळत होतं. त्याचा बाप लांडग्याने खाल्ला होता. आजा बिबट्याने खाल्ला होता. चुलत्याला कुणी खाल्लं याबद्दल घरात दोन मतं होती. अशा घरात वाढलेल्या सशाला शिकारी कसा दबकतो, कसा सरकतो, कुठल्या पायावर जोर देऊन उडी मारतो, हे सगळं पाठ असतं. नसतं तर तो दुकान काढण्याएवढा मोठाच झाला नसता.

दुकानात एकच माल होता. शिकारीची सॅक. पाठीवर अडकवायची. दोन पट्टे खांद्यांवर, एक छातीवर, एक कमरेला. रानात जायचं, शिकार आत टाकायची, चेन ओढायची, घरी यायचं. आत अकरा कप्पे. पाणी प्यायला एक नळी. छातीच्या पट्ट्याला एक शिट्टी, संकटात वाजवायची. आणि सगळ्या सॅकचा रंग भगभगीत नारिंगी.

"नारिंगी का?" कुणी विचारलंच तर मनोहरशेठ म्हणायचा, "सुरक्षेसाठी. दुसऱ्या शिकाऱ्याने चुकून तुमच्यावर झडप घालू नये म्हणून."

हे सगळ्यांना पटायचं. शिकाऱ्यांना एकमेकांची भीती असतेच.

आता तुम्ही विचाराल, याआधी शिकार घरी कशी यायची? बिबटे दातांत धरून ओढत आणायचे. आणि लांडगे पोटातून आणायचे.

खरंच पोटातून. लांडगा रानात शिकार करतो, तिथेच भराभरा गिळतो आणि घरी येतो. पिल्लं धावत येऊन त्याचं तोंड चाटतात. तोंड चाटलं की त्याच्या पोटातून सगळं वर येतं आणि तो ते पिल्लांपुढे ओकतो. मऊ, गरम, तोंडात घालण्याजोगं. पिल्लं जेवतात.

नाकं मुरडू नका. ही पोटाची पिशवी पावसात भिजत नाही. आवाज करत नाही. पळताना मागे-पुढे हलत नाही. ज्याची त्याला अगदी मापात असते. तिच्यात एकच खोट होती. ती कुणी विकत नव्हतं, त्यामुळे तिला कुणी विचारत नव्हतं.

तर या जंगलाच्या कडेला, माळावरच्या एका बिळात हैबती नावाचा लांडगा राहत होता. बायकोचं नाव सगुणा. त्यांना दीड महिन्याची चार पिल्लं होती. सगुणाचं दूध आता त्या चौघांना पुरत नव्हतं. रोज मांस लागत होतं. लांडग्यांची रीत अशी, की पिल्लं लहान असेतो आईने बीळ सोडायचं नाही, कारण वर घार असते आणि झुडपात तरस असतो. शिकार बापाने आणायची. हैबती ती आणत होता. ओढ्याकाठचं कुरण जवळच होतं, तिथे भेकरं होती, ससे होते. सकाळी जायचा, ऊन चढायच्या आत परत यायचा. सगळ्यांत धाकटं पिल्लू तानी. ती जरा किरकोळ होती, पण बापाचं तोंड चाटायला पहिली तीच असायची.

एके सकाळी हैबती असाच परत आला. पिल्लांनी तोंड चाटलं. त्याने मान खाली घातली आणि वाढलं.

नेमका त्याच वेळी जयसिंगराव बिबट्या तिथून चालला होता. पाठीवर नवीकोरी नारिंगी सॅक. मागच्या दोन पायांवर उभा राहून, छाती पुढे काढून चालत होता. जंगलात जयसिंगरावांना मान होता. ते जे करतील ते महिनाभराने सगळे करायचे.

जयसिंगराव थांबले. त्यांनी पाहिलं. मग त्यांनी दुसरीकडे पाहिलं.

"काय हैबती," ते म्हणाले, "अजून ओकूनच वाढतोस होय रे लेकरांना?"

एवढंच बोलले आणि चालू लागले.

बाळांनो, काही बोलणी दातांपेक्षा खोल जातात. हैबतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचा बाप असाच वाढत होता, आजा असाच वाढत होता, आणि कुणी कधी काही म्हटलं नव्हतं. पण त्या दिवशी पिल्लं जेवत असताना तो त्यांच्याकडे बघेना.

"सगुणा," तो म्हणाला, "मी पिशवी घेतो."

"कशापायी?"

"शिकार आणाया."

"आन् आत्ता काय आणलं तुमी?"

"चारचौघांत बरं दिसत न्हाई गं."

"चारचौघं कुठं हाईत? ही चार लेकरं हाईत, आन् ती खात्यात."

पण हैबती दुसऱ्या दिवशी दुकानात गेलाच.

मनोहरशेठने त्याला दारातूनच नमस्कार केला. "या हैबतराव! उभे राहा."

"उभाच हाय की."

"असे चार पायांवर नाही. दोन पायांवर. चार पायांवर पाठ आडवी राहते. आडव्या पाठीवर सॅक बसत नाही, लोळते. ही फांदी धरा, आणि सरळ उभे राहा."

हैबतीने फांदी धरली आणि कसाबसा उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला स्वतःचं पोट दिसत होतं.

मनोहरशेठ ओंडक्यावर चढला. वेलीचा एक तुकडा घेऊन माप घेऊ लागला. "मानेच्या या हाडापासून कमरेच्या या हाडापर्यंत. सॅक उंचीवरून घ्यायची नसते, हैबतराव, पाठीवरून घ्यायची असते. पुष्कळ जण इथेच फसतात. माप काय आलं? मध्यम. तुमची पाठ मध्यम आहे."

"आसं व्हय," हैबती म्हणाला. आपल्याला पाठ आहे हे त्याला ठाऊक होतं. ती मध्यम आहे हे नव्याने कळलं.

"आता किती मोठी हवी? ही एका भेकराची. ही दोन भेकरांची. सहकुटुंब जाणार असाल तर नीलगायीची आहे."

"सशाची न्हाई का?"

"ते मॉडेल बंद झालं," मनोहरशेठ घाईने म्हणाला. "तुम्हाला दोन भेकरांची घेऊ."

मग त्याने सॅकमध्ये ओढ्यातले दगड भरले. "रिकामी सॅक कुणालाही बसते. खरी परीक्षा भरल्यावर." सॅक पाठीवर चढवली. आधी कमरेचा पट्टा लावला. टक्. मग खांद्यांचे पट्टे ओढले. मग छातीचा. टक्. पट्ट्याखाली आपली दोन बोटं घालून पाहिली. "सगळं वजन कमरेवर यायला हवं. खांद्यांवर येतंय का?"

"न्हाई."

"पाठीला कुठे टोचतंय?"

"न्हाई."

आणि खरं सांगतो, बाळांनो, सॅक उत्तम बसली होती. मनोहरशेठ धंद्यात चोख होता. मापात एका केसाचा फरक नव्हता.

त्याच वेळी मनोहरशेठ पट्टा बघायला खाली वाकला. त्याची मऊ, गुबगुबीत मान हैबतीच्या नाकाखाली आली. हैबतीच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याच्या नकळत त्याचे मागचे पाय वाकले, अंग ताणलं, आणि त्याने झेप घेतली.

झेप म्हणजे काय, तो तोंडावर आपटला. पाठीवर दगड, कमरेला पट्टा, पुढचे पाय पट्ट्यांत अडकलेले. मातीत नाक खुपसून पडून राहिला.

मनोहरशेठ जागचा हललासुद्धा नाही. "सुरुवातीला होतं असं," तो प्रेमाने म्हणाला. "कमरेचा पट्टा एक बोट सैल करू या."

आता सांगू का तुम्हाला गुपित? मनोहरशेठने दुकान काढलं ते याचसाठी. चार पायांवरचा लांडगा त्याच्या बापाला पकडू शकला होता. दोन पायांवरचा, टक् टक् बकलं लावलेला लांडगा म्हाताऱ्या कासवालाही पकडू शकत नव्हता. मनोहरशेठला अठरा मुलं होती. ती मोठी व्हावीत, एवढीच त्याची इच्छा होती. यात मला तर काही वाईट दिसत नाही.

"बदल्यात काय द्यायाचं?" हैबतीने धूळ झटकत विचारलं.

"ओढ्याकाठचं हे कुरण. यापुढे इथे शिकार करायची नाही."

हैबती घोटाळला. "जवळ हाय म्हून इथंच येतो की मी."

"हैबतराव," मनोहरशेठ हसला, "जवळच शिकार करायची तर सॅक कशाला घेताय? सॅक घ्यायची म्हणजे लांब जायचं. तीन-तीन दिवसांच्या मोहिमा करायच्या. जयसिंगराव कुठे जातात? पार पल्याडच्या माळावर."

हे बिनतोड होतं. हैबतीने पळसाच्या पानावर पंजा उमटवला आणि ते पान मनोहरशेठने ढोलीत नीट जपून ठेवलं.

हैबती दोन पायांवर चालत घरी आला. वाटेत तीनदा पडला, पण सॅक जागची हलली नाही. त्याचा त्याला फार अभिमान वाटला.

सगुणाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्ये काय सोंग?"

"मध्यम पाठ हाय माझी," हैबती म्हणाला.

"आन् लेकरांचं?"

"आता मोहिमेवर निघतो. तीन दिसांत येतो. दोन भेकरं आणतो, दोन! रोजची धावपळ बंद."

पिल्लं त्याच्या पायांशी उड्या मारत होती. त्यांना त्याचं तोंड चाटायचं होतं, पण ते फार उंचावर गेलं होतं.

हैबती पल्याडच्या माळावर पोचला तेव्हा दुसरा दिवस अर्धा संपला होता. दोन पायांवर वाट सरत नाही, बाळांनो. तुम्हीही एकदा शाळेला चार पायांवर जाऊन बघा, म्हणजे आपलं नसलेलं चालणं किती लांब असतं ते कळेल.

माळावर एक भेकर चरत होतं. हैबती दबकला. म्हणजे दबकायला गेला. उभ्याने दबकता येत नाही. सॅकचं कापड कुरकुरलं. भेकराने मान वर केली. हैबती धावला. धावताना तोंड शिट्टीशी आलं आणि दर श्वासाला शिट्टी वाजू लागली. फीऽ फीऽ फीऽ! भेकर थोडं पुढे जाऊन थांबलं आणि हा काय प्रकार आहे ते बघत उभं राहिलं.

चिडून हैबती चार पायांवर आला. तशी सॅक पाठीवरून घसरली, मानेवर आली, मग डोक्यावर आली. डोळ्यांपुढे नारिंगी अंधार. तो तसाच धावला आणि बाभळीवर आदळला.

मग सॅक काढून का ठेवली नाही, असंच विचारणार ना तुम्ही? हैबतीच्याही मनात ते आलं होतं. पण मनोहरशेठने सगळे पट्टे स्वतःच्या हाताने जुळवून दिले होते. एकदा सोडले की ते माप पुन्हा येईल का? एवढी सुरेख बसलेली सॅक! तिचं माप एका भेकरासाठी बिघडवायचं त्याच्या जिवावर आलं.

तिसऱ्या दिवशी त्याला एक उंदीर सापडला. सापडला म्हणजे तोच त्याच्या पायाखाली आला. हैबतीला खूप भूक लागली होती. तरीही त्याने तो गिळला नाही. आता गिळून न्यायचे दिवस गेले होते. त्याने तो जिवंतच सॅकच्या एका कप्प्यात घातला आणि चेन लावली.

परतताना उंबराखाली जयसिंगराव भेटले. खाली पडलेली उंबरं एकेक करून खात होते. हैबतीला पाहून दचकले, मग सावरले.

"आहार बदललाय मी," ते म्हणाले. "पोट हलकं राहतं. पोट हलकं तर कमरेचा पट्टा झकास बसतो."

जयसिंगरावांच्या बरगड्या मोजता येत होत्या. हैबतीला वाटलं, किती सडपातळ दिसतायत साहेब!

तो घरी पोचला तशी पिल्लं धावली. या वेळी तो खाली बसला, म्हणून त्यांना त्याचं तोंड सापडलं. तानीने पुढच्या पायांनी त्याचा जबडा धरून चाटायला सुरुवात केली.

"आता तोंड चाटायचं न्हाई," हैबती म्हणाला. "सॅकमदी बघा."

सगुणाने एकेक चेन उघडली. अकराच्या अकरा कप्पे पाहिले. उंदराचा वास सगळ्यांना येत होता. उंदीर कुठल्याच कप्प्यात नव्हता. पाण्याच्या नळीच्या भोकातून तो केव्हाच निघून गेला होता.

पिल्लांनी तो वास हुंगला. मग ती पुन्हा बापाचं तोंड चाटायला आली. चाटून चाटून दमली. हैबतीच्या पोटात काहीच नव्हतं, त्यामुळे वर काहीच आलं नाही.

त्या दिवशी सगुणाने चौघांना पाजलं, आणि दूध लवकरच संपलं.

दुसऱ्या दिवशी हैबती दुकानात गेला.

"शेटजी, शिकार गावत न्हाई."

"अरेरे. सॅक कशी बसते?"

"बसती झकास."

"पाठ दुखते?"

"न्हाई."

"खांदे?"

"न्हाई."

"मग?" मनोहरशेठने हात पसरले. "शिकारीचं मी काय सांगणार, हैबतराव? मी पाला खातो. सॅकमध्ये खोट असेल तर बोला."

हैबतीने खूप विचार केला. सॅकमध्ये त्याला खरोखर काही खोट सापडेना. मनोहरशेठने त्याला पावसाळी आवरण भेट म्हणून दिलं, पाठ थोपटली, आणि तो दुसऱ्या मोहिमेवर गेला.

त्या मोहिमेत उंदीरही मिळाला नाही. पावसाळी आवरण मात्र फार सुबक होतं.

तो परत आला तेव्हा तीनच पिल्लं बिळाच्या तोंडाशी आली. तानी आत पडून होती. तिने बापाचा आवाज ऐकून कान हलवला, पण उठली नाही. सगुणाचं दूध आटलं होतं. सहा दिवसांत तिने स्वतः दोन नाकतोडे आणि एक सरडा खाल्ला होता.

हैबती दारात उभा राहिला. दोन पायांवरच. सॅक अगदी मापात बसलेली. कमरेचा पट्टा मात्र आता त्याला दोन बोटं सैल होत होता.

"सगुणा," तो हलकेच म्हणाला, "जरा पट्टा..."

"पट्ट्याचं नाव काढू नगा!" सगुणा भडकली. "ती पोर उठत न्हाई तिथं. कान तेवढा हालतोय. उद्या कान बी हालायचा न्हाई, तवा तुमी पट्टा आवळत बसा. मला भ्या वाटतंय, धनी. आजवर कदी वाटलं न्हवतं."

हैबतीने मान खाली घातली. त्यालाही भीती वाटत होती. पण काय करावं ते त्याला सुचेना. त्याने सगळं मनोहरशेठच्या सांगण्याप्रमाणे केलं होतं, आणि मनोहरशेठ सांगतो ते बरोबरच होतं.

सगुणा उठली. "तुमी बसा लेकरांपाशी. घार आली तर ती शिट्टी वाजवा. मी जाते."

"कुठं?"

"दुकानात."

हैबतीचा चेहरा एकदम उजळला. "जा, जा! तुजी येगळी घे. बायकांचं माप येगळं असतं म्हणं, कमरेचा पट्टा वाकडा असतो. आन् भरल्याबिगर बघू नगंस, दगड घालाया सांग..."

पण तोवर सगुणा माळ उतरून गेली होती.

दुपारची वेळ. कुरणात ऊन पसरलं होतं. मनोहरशेठ दुकानापुढे बसून पट्टे पुसत होता. या हंगामात धंदा जोरात होता. मनोहरशेठचं अंगही सुटलं होतं, कारण पळायचं काम राहिलं नव्हतं. त्याची अठरा मुलं जरा पलीकडे दूर्वा खात होती.

"या वहिनी, या!" तो म्हणाला. "हैबतरावांनी पाठवलं ना? उभ्या राहा, माप घेतो."

"न्हाई," सगुणा म्हणाली.

"उभं राहिल्याशिवाय माप कसं घेणार? ही फांदी धरा."

"न्हाई धरत."

मनोहरशेठने पट्टा खाली ठेवला. त्याने सगुणाच्या पायांकडे पाहिलं. चार होते. चारही जमिनीवर होते. एवढ्या दिवसांत त्याच्या दुकानात चार पायांवर कुणी राहिलं नव्हतं, आणि चार पायांवरचा लांडगा कसा असतो ते आपण विसरूनही गेलो होतो, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. त्याचं नाक भराभर हलू लागलं.

"वहिनी," तो म्हणाला, "या कुरणात शिकार करायची नाही असं ठरलंय. हैबतरावांचा पंजा आहे त्यावर."

"त्यांचा आसंल. माजा कुठं हाय?"

आता इथे मनोहरशेठने पळायला हवं होतं. त्याचा बाप पळाला असता, आजा पळाला असता. ते पकडले गेले ही गोष्ट वेगळी, पण पळाले नक्की असते. मनोहरशेठ मात्र इतके दिवस दुकानात बसला होता. तो धंदेवाईक झाला होता. सगुणाच्या बोलण्यात तथ्य आहे का, हे बघायला तो ढोलीत गेला, पळसाचं पान काढलं आणि उलटसुलट करून वाचलं.

"खरंच की," तो म्हणाला. "तुमचा पंजा नाही यावर."

हे त्याचे शेवटचे शब्द.

डोळे काय झाकताय? उघडा. बोधकथा ऐकायला बसलात ना? बोधकथेत कुणीतरी कुणाला तरी खातंच. मला मनोहरशेठ आवडत होता. मला तानीही आवडते. दोघांनाही वाचवेल अशी गोष्ट कुणाला येत असेल तर त्याने इथे येऊन बसावं, मी उठतो.

अठरा मुलं झाडाझुडपांत पांगली आणि सुखरूप राहिली. ती पळायला विसरली नव्हती.

सगुणा तिथेच थांबली नाही. चार पिल्लांना एका सशाने काय होणार? कुरणाच्या टोकाला भेकरं चरत होती. पट्टे बांधलेले शिकारी बघून बघून ती धीट झाली होती. सगुणा गवतातून सरकत आली ते त्यांनी पाहिलं. पण ती पळाली नाहीत. शिट्टी वाजेल म्हणून वाट बघत राहिली.

ऊन कलायच्या आत सगुणा घरी आली. पोट टम्म फुगलेलं, चाल जड. हैबती बिळाच्या तोंडाशी आकाशाकडे बघत, शिट्टी ओठांत धरून, ताठ उभा होता. एवढं काम त्याने मन लावून केलं होतं.

सगुणा त्याच्याजवळून सरळ आत गेली. तानीजवळ बसली आणि आपलं तोंड तिच्या तोंडाला लावलं. तानीने डोळे उघडले. एकदा चाटलं. थोडी थांबली. पुन्हा चाटलं.

मग सगुणाने वाढलं. आधी तानीला, मग बाकीच्या तिघांना. पिल्लं अशी तुटून पडली की त्यांचे कान तेवढे दिसत होते. तानी सगळ्यांत शेवटपर्यंत खात राहिली. खाता खाताच तिथेच लवंडली, पोट वर करून झोपली, आणि सगुणाला एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच रडू आलं.

"तुमी बी खावा," ती हैबतीला म्हणाली. "उरलंय."

हैबती लाजला. मग खाली वाकला. वाकल्याबरोबर सॅक त्याच्या डोक्यावर आली. त्या नारिंगी अंधारात तो गपागप जेवला.

"ह्ये कुठनं आणलंस गं?" आतून आवाज आला.

"दुकानातनं."

"बग!" हैबती म्हणाला. त्याचा ऊर भरून आला होता. "मी म्हणत न्हवतो, दुकान चांगलं हाय? तुजाच इस्वास न्हवता." तो सरळ उभा राहिला, सॅक पाठीवर परत जागच्या जागी बसली. मग त्याने कमरेला हात लावला आणि त्याचा चेहरा पडला. "जेवल्यावर पट्टा लई आवळतोय पन. माप बिघडलं. उद्या मनोहरशेठकडं जाऊन सैल करून घेतो."

सगुणा तानीचं तोंड चाटून साफ करत होती. तिने मान वर केली नाही.

"कशाला जाताय?" ती म्हणाली. "शेटजी घरीच आल्यात."

तात्पर्य : तुम्हाला वाटलं असेल, जयसिंगरावांचं बघून सॅक घेऊ नये, असं काहीतरी मी सांगणार. छे! शिकारीची सॅक अवश्य घ्यावी. चांगल्या दुकानातून, पाठीचं माप देऊन, दगड भरून, पट्टे ओढून बघूनच घ्यावी. नवऱ्याच्या सॅकमधून घरी काही येवो न येवो, दुकान कुठे आहे आणि दुकानदार किती गुबगुबीत आहे एवढं तरी बायकोला कळतं.